औदुंबराखाली सांगितलेला आकडा

लहानपणी आमच्या घरात दोन तऱ्हेची पत्रकं असायची. एक बाबांची, कामगारांच्या हक्कांची. बाबा गिरणीत टाइमकीपर होते. गिरणी बंद पडली, पण त्यांची पत्रकं बंद पडली नाहीत. ओट्यावर बसून त्यांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले. दुसरी पत्रकं दाराच्या फटीतून आत यायची. अमक्या गावी अमक्याला दर्शन झालं, हे पत्रक छापून वाटा, वाटणाऱ्याचं भलं होईल, फाडणाऱ्याचं वाटोळं होईल. बाबा ती कधी फाडत नसत. त्यांची मागची बाजू कोरी असे, तिच्यावर ते स्वतःच्या पत्रकाचा कच्चा मजकूर लिहीत. बाविसाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं ते या दुसऱ्या जातीच्या पत्रकांविरुद्धच. मथळा होता, ‘भीती छापून वाटू नका’. तेव्हा आज मी स्वतः एक अनुभव लिहायला बसले आहे, तर हात अवघडणारच. आधीच सांगून ठेवते: हे कुणी छापून वाटलं नाही तर कुणाचं काहीही वाईट होणार नाही.

गेल्या वर्षी थंडीत मला पंधरा दिवस ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदय मोडकळीला आणून गेला. जिना चढता येईना, मग चालता येईना, मग आडवं झोपता येईना. दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात माझी छाती उघडून हृदयाला एक पंप जोडला. पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या छोट्या डबीला, म्हणजे कंट्रोलरला जाते, आणि कंट्रोलर दोन बॅटऱ्यांवर चालतो. झोपताना मी भिंतीतल्या प्लगला जोडलेली असते. हे सगळं कुणाच्या पैशांतून आणि किती हेलपाटे घालून झालं, तो वेगळ्या पत्रकाचा विषय आहे, आणि ते पत्रक मी लिहिणार आहे. इथे एवढंच सांगायचं, की हा पंप ठोके देत नाही. तो नळासारखा सलग वाहतो. म्हणून माझ्या मनगटात नाडी लागत नाही.

हे सांगायला सोपं आहे. पण इंदूरजवळ राऊतल्या आमच्या घरी दुपारी खिडकीत बसून मी स्वतःचं मनगट धरून बघत असे, तेव्हा एखाद्या बंद घराचं दार ठोठावत उभं राहिल्यासारखं वाटे. आत कुणी आहे की नाही, कळायला मार्ग नाही. जिला आपण ‘मी’ म्हणत होतो ती घर सोडून गेली असेल आणि मागे नुसती मोटर चालू राहिली असेल, असा विचार येई. हा विचार कुणाला सांगायचा? मैत्रिणी सुरुवातीला आल्या, ‘तू तो फायटर आहेस यार’ म्हणाल्या, आणि वायरकडे बघत बघत दूर सरकून बसल्या. मिठी मारायला आलेली एक जण वाटेतच थांबली आणि माझा खांदा थोपटून गेली. तिचा राग येत नाही. मीही तेच केलं असतं. पण त्या दिवशी मला जाणवलं, की हातमोजे न घालता मला कुणी जवळ घेऊन किती महिने झाले.

बायपास झालेल्या लोकांचं बरं असतं. ते एकमेकांना भेटतात, ‘आपके कितने ब्लॉक थे?’ असं एखाद्याची कॉलनी विचारावी तसं विचारतात. माझ्यासारखं या शहरात कुणी आहे का, असं मी विचारलं तेव्हा सगळ्यांनी मान हलवली. ‘नाही, सध्या तर तुम्हीच.’ त्यातल्या ‘सध्या’ या शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

पंपवाल्याने एकटं राहायचं नाही, हा इस्पितळाचा पहिला नियम. आई मी शाळेत असताना गेली, बाबा चार वर्षांपूर्वी. उरली आत्या. बाबांची धाकटी बहीण, विधवा, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, दोन्ही गुडघे दुखरे. तिने पासष्टाव्या वर्षी बॅटरी बदलायला शिकून घेतली, कंट्रोलरवरचे दिवे पाठ केले. मी न्हाणीघरात गेले की ती दाराबाहेर स्टूल टाकून जपमाळ घेऊन बसे आणि मधूनमधून म्हणे, “काहीतरी आवाज करत राहा ग.” मी बादली वाजवत असे. अठ्ठाविसाव्या वर्षी, जिने कारखान्यांच्या गेटांसमोर उभं राहून भाषणं केली तिने, न्हाणीघरात बादली वाजवायची! आत्यावर माझा जीव आहे, पण त्या स्टुलाचा मला मनापासून संताप येई.

म्हणून मला एकच गोष्ट हवी होती: परवानगी. रिहॅबचे, म्हणजे घराजवळच्या इस्पितळातल्या देखरेखीखालच्या व्यायामाचे, तीन महिने झाले की एक चाचणी असते. सहा मिनिटं चालायचं. अंतर चांगलं भरलं आणि श्रम आटोक्यात दिसले, तर दिवसातले चार तास एकटीने बाहेर राहायची परवानगी मिळणार होती. विजय नगरच्या ज्या ऑफिसात मी भाषांतराचं काम करत होते, त्यांनी महिनाअखेरपर्यंत माझी जागा राखून ठेवली होती. चार तास म्हणजे माझं टेबल, माझी खुर्ची आणि संध्याकाळच्या बसची खिडकी. चार तास म्हणजे मी.

रिहॅबच्या खोलीत आमच्या फिजिओ रश्मीजी असत. इंदूरच्याच, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचा एक तक्ता दाखवला. त्यावर सहापासून वीसपर्यंत आकडे होते. सहा म्हणजे नुसतं बसल्यासारखं, वीस म्हणजे आता एक पाऊलही शक्य नाही. “बाकीच्यांना मी पल्स बघून थांबवते,” त्या म्हणाल्या. “तुमची पल्सच नाही. तो अब मेरा मीटर आप ही हो. मी विचारणार, किती वाटतंय? तुम्ही जो आकडा सांगाल त्यावर मी तुमचा पूर्ण प्रोग्राम लावणार. आपल्याला अकरा ते तेरामध्ये राहायचंय. समझ गए न?”

समजलं होतं. आणि तिसऱ्याच दिवशी मी खोटं बोलले. ट्रेडमिलवर चौदा वाटत होतं, मी बारा म्हटलं. त्यांनी बारा लिहिलं. जगबुडी झाली नाही. मग मी अकरा म्हणायला लागले. मांड्या थरथरत असताना अकरा, कानात दडे बसत असताना अकरा. शेजारच्या सायकलवर बायपास झालेले एक काका असत, ते भैयाचं इंदुरी ‘भिया’ करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भिया, इनकी गाडी तो बिजली पे चलती है. ये काय थकणार!” सगळे हसले, मीही हसले. तेच तर मला सिद्ध करायचं होतं.

माझ्या पत्रकांत मी एकही शब्द खोटा लिहिलेला नाही, हा माझा अभिमान होता. मालकांशी, पुढाऱ्यांशी, बुवांशी बोलताना मी आकडे तीन-तीनदा तपासून घेत असे. आणि ज्या एका बाईच्या हाती माझा जीव होता, तिला मी रोज एक आकडा खोटा देत होते. मला तेव्हा त्यात विसंगती दिसली नाही. थकवा कबूल करणं म्हणजे शरण जाणं, आणि शरण जायचं नाही हेच मी ओट्यावर बसून शिकले होते.

आकडा खोटा सांगता येतो, पाय खोटं बोलत नाहीत. चाचणीसाठी सराव हवा होता, आणि आत्यासमोर दमलेलं दिसायचं नव्हतं. आमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून एक छोटं दत्ताचं देऊळ आहे. मध्ये औदुंबर, भोवती सावली, गुळगुळीत फरशी. एक फेरी बरोबर तीस पावलांची. मी आत्याला सांगितलं, मला सकाळी देवळात जाऊन बसावंसं वाटतं. आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, पण एकटीने कसं जाणार, नियम आहे. तेव्हा ती जे बोलली ते मी विसरणार नाही. म्हणाली, “तिथे तू एकटी कुठे? तिथे दत्त आहे.”

ज्या बाईने इस्पितळाचा नियम एकदाही वाकवला नव्हता, तिने देवासाठी तेवढा अपवाद केला. मला मनात हसू आलं. एक श्रद्धा मी किल्लीसारखी वापरली आणि दार उघडलं. रोज दहाच्या सुमाराला आत्या मला कोपऱ्यापर्यंत सोडे आणि मी औदुंबराभोवती चालायला लागे. घड्याळ लावून, सहा मिनिटं, मग जरा टेकायचं, मग पुन्हा सहा मिनिटं. देवाकडे मी बघतसुद्धा नव्हते. देवळातले गुरुजी मात्र कौतुकाने बघत. एकदा म्हणाले, “किती संकल्प केलाय, ताई? एकशे आठ?” मी म्हटलं, “अजून ठरवलं नाही.” फेऱ्यांचं अंतर मी मनात मीटरांत मोजत होते.

वैशाखाचा तो गुरुवार होता. चाचणी सोमवारी. रोज सकाळी वजन करून वहीत लिहावं लागे, आणि वजन वाढलेलं दिसलं की, अंगात पाणी साचलं का म्हणून, रश्मीजी चौकशी करत. म्हणून दोन दिवस मी पाणीही कमी पीत होते. जादा बॅटऱ्यांची पिशवी नेहमी बरोबर ठेवायची असते. ती जड होते म्हणून घरी ठेवली होती. आरती होऊन लोक पांगले होते. चौथ्या वेळच्या सहा मिनिटांत माझ्या कमरेशी कंट्रोलर वाजायला लागला. लाल दिवा. मला वाटलं, ही फेरी पूर्ण करून बसू. फेरी पूर्ण झाली नाही. औदुंबराच्या पाराची कड हाताला लागली एवढं आठवतं, मग फरशी गालाला थंड लागली.

मी पूर्ण बेशुद्ध नव्हते. ऐकू येत होतं, पण जीभ हलत नव्हती. गुरुजी धावत आले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातले भिया आले. त्यांनी माझं मनगट धरलं, मग दुसरं, मग मान चाचपली. “पल्स नहीं है,” ते म्हणाले. “गुरुजी, पल्स नहीं है. खतम है मामला. छाती दबाना पडेगी.” गुरुजी नुसतंच “अहो, रोज येते हो ही, रोज येते,” म्हणत होते. मला ओरडून सांगायचं होतं की मी आहे. नाडी नाही, पण मी आहे. आयुष्यभर मी इतरांच्या वतीने ओरडले, आणि त्या घडीला स्वतःसाठी एक अक्षर फुटेना. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं, आणि मी एरवीही एकटीच होते. डोळ्यांच्या फटीतून मला दुकानवाल्या भियांचे दोन तळहात दिसले, एकावर एक ठेवलेले.

“हाथ मत लगाव! परे हटो सब!”

आवाज बाईचा होता, आणि बोली माळवी. “सांस चली री है, दिखे नी तमारे? ईकी नाडी नी लगे. ईका अंदर पंप है.”

आणि मग एक गोष्ट झाली. कुणीतरी माझ्याजवळ फरशीवर बसलं, ओढणी बाजूला केली आणि आपला कान माझ्या छातीवर ठेवला. स्टेथोस्कोप नाही, हातमोजे नाहीत. उन्हाने तापलेला कान, घामेजलेला गाल, केसांना खोबरेल तेलाचा वास. मोजलं तर चार-पाच क्षणच असतील. मग ती बाई जीव भांड्यात पडल्यासारखी म्हणाली, “बोली रियो है. सुनो, पंप बोली रियो है.”

मी जिवंत असल्याची ती पहिली साक्ष, जी मी स्वतःबद्दल ऐकली. मोटर चालू आहे असं ती म्हणाली नाही. बोलतो आहे, असं म्हणाली.

पुढचं तिने असं केलं, जणू रोजचं काम आहे. कंट्रोलरचा दिवा बघितला. माझे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. माझ्या गळ्यातल्या इस्पितळाच्या कार्डावरचा नंबर गुरुजींना लावायला सांगितला आणि फोनवर स्वतः बोलली, कुठला दिवा, कसा आवाज. मी डोळे नीट उघडल्यावर घोट-घोट पाणी पाजलं. माझ्या उशाशी एक काळी पिशवी दिसत होती, बॅटऱ्यांची, अगदी माझ्यासारखी. मला वाटलं, मीच आणली असेन. मग तिने माझ्या तोंडावर वाकून विचारलं, “कितरो नंबर है, बेटी?”

मला आधी कळलंच नाही. इस्पितळाची गाडी येईपर्यंत आम्ही औदुंबराखाली होतो, आणि एक परकी बाई मला रश्मीजींच्या तक्त्यावरचा आकडा विचारत होती. साऱ्या शहरात हा प्रश्न त्या एका खोलीबाहेर कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

तोंडावर अकरा आलं. सवयच ती. पण तिचा हात माझ्या पायांवर होता, आणि मघाशी तिने जे ऐकलं होतं त्यानंतर तिच्याशी खोटं बोलायला मला जागाच उरली नव्हती. मी म्हटलं, “अठरा.”

“हां,” ती म्हणाली. “आब सांची बोली.” आता खरं बोललीस.

इस्पितळ जवळ असूनही गाडी दुसरीकडे गेलेली होती, यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिने थोडक्यात सांगितलं. ती सांवेरकडच्या गावची. नवरा शाळेत मास्तर होता, गाव त्याला मास्टरसाब म्हणे आणि तिला मास्टरनीजी. त्यालाही पंप होता. अडीच वर्षं होता. तिने बॅटऱ्या बदलल्या, वायरची जागा रोज साफ केली, रिहॅबच्या खोलीत त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. त्याला आकडा विचारला की तो नेहमी अकराच सांगे. घरी विचारलं तरी अकराच. “गया तो कायसे गया, डाक्टर जाणे,” ती म्हणाली. “पण म्हने अडीच साल में एक दिन भी पता नी चल्यो के वी थकी गया था. म्हारा पास बैठा था ने एकला था.”

तो थकला होता हे मला एक दिवसही कळलं नाही; माझ्याजवळ बसलेला होता आणि एकटा होता. हे ती माझ्याकडे बघून बोलली नाही. औदुंबराच्या मुळांकडे बघत बोलली. मी मात्र ते सरळ अंगावर घेतलं. न्हाणीघराबाहेर स्टुलावर बसलेली आत्या मला दिसली. इतके महिने मी स्वतःला एकटी म्हणवून घेत होते, आणि आत शिरायचा एकमेव दरवाजा, तो एक आकडा, मीच आतून लावून घेतला होता.

इस्पितळात सलाईन लागलं, दोन दिवसांत मी ठीक झाले. पंपाला काहीच झालं नव्हतं. अंगात पाणी कमी आणि श्रम जास्त, इतकंच. रश्मीजी खाटेजवळ आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्या बारापासूनचं. त्यांनी माझी फाइल उघडली, पान पान उलटत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “हे सगळं झूठ आहे?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. “मी यावर तुमचा वेग वाढवत गेले,” त्या म्हणाल्या. “मैं रोज घर जाके खुश होती थी.” मग पेन काढून त्यांनी ती पानं तिरप्या रेघेने खोडली, आणि चाचणीची तारीखही खोडली. परवानगी गेली. महिनाअखेर विजय नगरच्या ऑफिसने माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मास्टरनीजींबद्दल मी विचारलं तेव्हा ‘सध्या’ या शब्दाचा अर्थ कळला. मास्टरसाब आमच्याच खोलीत यायचे. ते गेल्याचं मला मुद्दामच सांगितलं नव्हतं, मी खचेन म्हणून. त्यांच्या बॅटऱ्या आणि चार्जर नव्या नर्सेसना शिकवायला मिळावेत म्हणून रश्मीजींनी वर्षभर निरोप पाठवले होते. मास्टरनीजी देत नव्हत्या. नवरा गेल्यावरही त्या रोज सकाळी बॅटऱ्या चार्जरवर लावत. एक काढायची, दुसरी लावायची, चारही हिरवे दिवे बघायचे, मग चहा ठेवायचा. त्या गुरुवारी त्या उठल्या आणि का कोण जाणे, पिशवी भरून दोन बस बदलून आल्या. इस्पितळात सांगितलं, रश्मीजी दुपारी येतील. ऊन फार होतं. बाहेर कुणी म्हणालं, पलीकडे दत्ताचं देऊळ आहे, सावली आहे, प्यायचं पाणी आहे.

आत्या म्हणते, दत्तच आले होते. गुरुजी तर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. माझ्याच्याने तसं म्हणवत नाही. त्या बाईच्या हातांना घट्टे आहेत, माझ्यापायी तिची परतीची बस चुकली, आणि गेल्या माणसाच्या बॅटऱ्या वर्षभर भरत राहण्याचं दुःख तिने सोसलं आहे. तिला देव म्हणून हे सगळं तिच्याकडून काढून घेणं मला अन्याय वाटतो. ती माणूसच होती. पण वर्षभर बॅटऱ्या न देणारी ती बाई त्याच सकाळी का निघाली, हे मी तिला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, “मन कियो, आई गी.” मन म्हणालं, आले. पूर्वी अशा ठिकाणी मी ‘योगायोग’ हा शब्द लिहून पुढे जात असे. आता तिथे माझं पेन थांबतं आणि मी थोडा वेळ तशीच बसून राहते. मला वाटतं, या बसून राहण्यालाच माझ्या घरातली माणसं नमस्कार म्हणत असावीत.

आत्याला मी सांगितलं की मी देवळात भक्तीने जात नव्हते, तुला फसवून सरावाला जात होते. ती बराच वेळ वाती वळत राहिली. तिला लागलं होतं, ते तिच्या बोटांत दिसत होतं. मग म्हणाली, “फेऱ्या किती झाल्या असतील ग एकंदर?” मी म्हटलं, हजाराच्या वर. “मग झालं तर,” ती म्हणाली. “चाललीस ना त्याच्याभोवती? मनात काय होतं ते त्याचं तो बघेल. माझ्याशी मात्र पुन्हा खोटं बोलू नकोस.” आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमोर कण्हली. मी विचारलं, “किती दुखतंय?” ती हसली. “तुझ्या तक्त्यावर? सोळा.” चार महिने ही बाई सोळा आकड्यावर माझ्या दाराबाहेर स्टुलावर बसत होती. मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता दर गुरुवारी आम्ही दोघी देवळात जातो, रिक्षाने. पंपवाल्यांना पोटावर झोपायची मनाई असते, त्यामुळे मला साष्टांग नमस्कार घालता येत नाही. जेव्हा येत होता तेव्हा कधी घातला नाही, आता घालावासा वाटतो तर शरीराला परवानगी नाही. मी उभीच असते. देवापुढे मला अजून शब्द सुचत नाहीत, मागायचं काय तेही ठरत नाही. मी फक्त त्या दिवशीचा खरा आकडा मनात सांगते. आज बारा. आज चौदा, जिना चढले म्हणून. आज काही न करताच तेरा, मन उदास आहे म्हणून. घरी आल्यावर सांवेरहून फोन येतो. “कितरो नंबर, बेटी?” तिलाही तोच आकडा सांगते. मग मी तिला विचारते. बॅटऱ्या देऊन टाकल्यापासून सकाळचा चहा लवकर होतो, आणि मग दिवस फार मोठा होतो, म्हणते. तिचा आकडा कधीकधी माझ्यापेक्षा जास्त असतो.

मी एकटी नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. मनगट अजून गप्पच आहे, आणि दुपारी खिडकीत बसल्यावर मोटरचा विचार अजून येतो. पण आता छातीवर हात ठेवला की मला त्या तापलेल्या कानाची आठवण येते, आणि आत जे चाललं आहे त्याला मी बोलणं म्हणते. ज्याने तो कान तिथे आणला, त्याचं नाव मी अजून घेत नाही. पण ऋण मानते, आणि हे मी सहीनिशी लिहून द्यायला तयार आहे.

चाचणी शेवटी मागच्या आठवड्यात झाली. चौथ्या मिनिटाला पाय जड झाले. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, ठरलेल्या अंतराची खूण तीस पावलांवर होती, आणि तीस पावलं म्हणजे औदुंबराची एक फेरी, हे मला ठाऊक होतं. आत्या स्टुलावर बसून माळ ओढत होती. रश्मीजींनी पेन उघडून विचारलं, “किती वाटतंय?”

“पंधरा,” मी म्हटलं.

“बसा,” त्या म्हणाल्या.

आणि मी बसले.